पडद्यावर वर जाणारा माणूस

ॲक्शनपटातलं हे दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे. नायक आभाळातून खाली कोसळतोय, ऐन वेळी पॅराशूट उघडतं आणि तो झपकन वर खेचला जातो, पार फ्रेमच्या बाहेर. पॅराशूट माणसाला शंभरेक फूट वर उचलतं, असंच मला लहानपणी वाटायचं. खरं तर तो वर जातच नाही, त्याचा पडण्याचा वेग तेवढा कमी होतो. त्याला टिपणारा कॅमेरामन मात्र अजून ताशी 200 किलोमीटरनं खालीच चाललेला असतो!

पोट जमिनीकडे करून पडणाऱ्या माणसाचा वेग साधारण 12 सेकंदांत त्या आकड्यापाशी पोचतो आणि तिथेच थांबतो. वेग वाढतो तसा हवेचा रोध वाढत जातो आणि शेवटी वजनाशी त्याची बरोबरी होते. हा झाला अंतिम वेग. तो प्रत्येकाचा थोडा वेगळा असतो, आणि चित्रीकरणाची खरी गोची इथेच आहे. समजा कॅमेरामन अंगापिंडानं नायकाएवढाच, पण कॅमेऱ्यासकट 10 टक्के जड आहे. मग तो सुमारे 5 टक्के जास्त वेगानं पडणार. म्हणजे ताशी 10 किलोमीटरचा फरक, सेकंदाला जवळजवळ 3 मीटर. एवढ्यात क्लोज-अप केव्हाच हातचा गेलेला असतो. म्हणून जड कॅमेरामन काखेत कापडी पंख असलेलं जाकीट घालतो आणि हलका असला तर कमरेला शिशाचा पट्टा बांधतो. बाकीची कसर हातपाय पसरून किंवा आवळून भरून काढायची.

कॅमेरा असतो हेल्मेटवर. पॅराशूट उघडतानाचा झटका गुरुत्वाकर्षणाच्या तीन-चार पट असू शकतो, त्यामुळे डोक्यावरचं 5 किलोचं ओझं क्षणभर 15-20 किलोंचं होतं. ते सगळं मानेवर! नायकाच्या धाडसाचे गोडवे गाताना या मानेची आठवण कोणी काढत नाही.

2018 सालच्या ‘मिशन: इम्पॉसिबल – फॉलआउट’मध्ये टॉम क्रूझची 25,000 फुटांवरून मारलेली उडी आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या 40 टक्क्यांहूनही कमी. उडीआधी बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन ओढून रक्तातला नायट्रोजन बाहेर काढावा लागतो, नाहीतर दाब घटला की सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे शरीरात बुडबुडे धरतात. त्यात दिग्दर्शकाला हवा होता मावळतीचा प्रकाश, आणि तो टिकणार जेमतेम तीन मिनिटं. त्यामुळे दिवसाला एकच टेक. चेहरा दिसावा म्हणून क्रूझच्या हेल्मेटमध्ये दिवे बसवले होते. कॅमेरामन क्रेग ओब्रायन विमानातून उलटा, पाठमोरा बाहेर पडायचा आणि चेहरा फोकसमध्ये राहावा म्हणून क्रूझला त्याच्यापासून बरोबर तीन फुटांवर यावं लागायचं. सराव धरून शंभराहून जास्त उड्या झाल्या.

एवढं करून हाती येतं ते काहीसं विचित्रच. दोघंही एकाच वेगानं पडत असले, की चित्रात कोणीच पडताना दिसत नाही. माणूस नुसता तरंगतोय असं वाटतं. पडणं दिसायला मागे ढग हवेत, डोंगर हवा, फडफडणारे कपडे हवेत. निरभ्र आकाश असल्या शूटिंगला फारसं कामाचं नाही.

कॅमेरा सोबत पडणारा नसला तर काय होतं, ते 1976 मध्ये कॅनडाच्या बॅफिन बेटावर दिसलं. ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ या बाँडपटासाठी रिक सिल्व्हेस्टरनं माउंट असगार्डच्या कड्यावरून स्कीसकट उडी घेतली. कॅमेरे एकाहून अधिक लावलेले होते, पण त्याला शेवटपर्यंत नजरेत धरून ठेवलं एकाच कॅमेऱ्यानं. तो तुकडा नीट पाहा. त्यानं सोडून दिलेली एक स्की पॅराशूट उघडत असताना त्याच्या कापडाला चाटून जाते.