मोठी डिस्क बसवली की गाडी लवकर थांबते?

"पुढे मोठी डिस्क टाक, गाडी जागेवर उभी राहील," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. (डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी ब्रेकची धातूची तबकडी.) तो चुकीचा आहे, आणि ब्रेकबाबतचा गैरसमज जिवावर बेतू शकतो.

गाडी शेवटी थांबते ती टायरच्या पकडीवर. जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सुरू होत असेल, तर मूळ ब्रेकमध्ये चाक जाम करण्याइतकी ताकद आहेच. कोरड्या डांबरावर घर्षणांक (टायरची रस्त्यावरची पकड सांगणारा आकडा) 0.8 धरला, तर ताशी 100 किमी वेगावरून ब्रेक लागल्यापासून थांबायला साधारण 49 मीटर लागतात. या गणितात डिस्कचा व्यास येतच नाही. अंतर कमी करायचंय? आधी चांगले टायर घ्या.

मोठ्या, जड डिस्कचा खरा फायदा उष्णतेत आहे. घाट उतरताना ब्रेक पुन्हा पुन्हा लागतो, डिस्कला घासणारे पॅड तापून पकड सोडू लागतात. जड डिस्कचं तापमान हळू चढतं. खालचा गिअर मात्र तरीही हवाच.

घरी बसवणार असाल तर नुसती डिस्क आणून भागत नाही. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बाहेर सरकवणारा ब्रॅकेट लागतो, रिमच्या आत जागा लागते. फक्त पुढचे ब्रेक वाढवले तर पुढचा-मागचा तोल बिघडतो, मागचे टायर कमी काम करतात आणि थांबण्याचं अंतर उलट वाढूही शकतं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कधीही काम करू नका, स्टँड लावाच. कॅलिपर ब्रेकच्या होजवर (नळीवर) लोंबकळू देऊ नका. बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने), कंपनीने दिलेल्या मापाने आवळा.