सायलेन्सर बसवताना: गॅस्केट, स्टड आणि आवळण्याचा क्रम

नवा सायलेन्सर घेताना सगळ्यांचं लक्ष मागच्या डब्याकडं असतं. आवाज कसा येतो, फिनिश कसं आहे, गाडीला शोभतो का. काम बिघडतं ते मात्र पुढच्या टोकाला, जिथं बेंड पाईप इंजिनच्या हेडला मिळतो. त्या सांध्यात एक छोटी गोल गॅस्केट रिंग असते. आमच्याकडून सायलेन्सर नेणारे सगळेच आमच्याकडं बसवत नाहीत. कुणी घरी बसवतं, कुणी गावातल्या मिस्त्रीकडं. कुठंही बसवा, पण आधी हे पत्रक वाचा आणि बसवणाऱ्यालाही वाचायला द्या.

रिंग दरवेळी नवीच

ही रिंग बहुतेक गाड्यांना तांब्याची पोकळ असते, नाहीतर पत्र्याच्या आवरणात ग्राफाइट भरलेली. नट आवळले की ती चेपते आणि चेपताना हेडच्या व पाईपच्या बारीकसारीक उंचसखल जागांत भरून बसते. हवा अडते ती या चेपण्यामुळं. एकदा चेपलेली रिंग पुन्हा चेपत नाही. म्हणून सायलेन्सर उतरवला की रिंग बदलायची, मग जुनाच सायलेन्सर परत चढवायचा असला तरी. दोन सिलिंडरच्या गाडीला दोन्ही बदलायच्या. तांबं लाल होईपर्यंत तापवलं की मऊ होतं, हे ड्रेन बोल्टच्या भरीव वॉशरला चालतं. पोकळ रिंग मऊ झाली तरी तिची गेलेली जाडी परत येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांची रिंग मिसळीच्या एका प्लेटपेक्षा महाग नाही, तिथं काटकसर करू नका.

रिंगऐवजी लाल सिलिकॉन लावणारे अजून भेटतात. आमचा त्याला ठाम विरोध आहे. ते सिलिकॉन 300-350 अंशांपर्यंत तग धरतं आणि हेडमधून बाहेर पडणारा वायू त्याच्या कितीतरी पुढं तापलेला असतो. ते जळून जातंच, शिवाय बीएस-6 गाडीत त्याच्या वाफेनं ऑक्सिजन सेन्सर निकामी होऊ शकतो.

जुनी रिंग आतच राहिलेली असते

सर्वांत जास्त काम इथं फसतं. बेंड पाईप निघतो, पण रिंग हेडच्या तोंडात चिकटून राहते. वर काजळी बसल्यामुळं ती हेडचाच भाग वाटते. मग ‘या गाडीला रिंगच नव्हती’ असं म्हणून तिच्यावर नवी बसवली जाते. दोन रिंगा एकावर एक आल्या की पाईप तिरका बसतो, फ्लँज (पाईपच्या टोकाची भोकं असलेली पट्टी) स्टडवर (हेडमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या सळईवर) पुरता चढत नाही आणि महिनाभरात फटफट सुरू होते.

बॅटरीच्या उजेडात आत बघा. टोकदार सुईनं कडेला हलकं खरवडा. काजळीखाली तांबूस चमक दिसली तर रिंग आहे. काढण्याआधी पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद राहतो आणि कचरा आत पडत नाही. रिंगची एक कड आतल्या बाजूला वळवा आणि हळूच ओढून घ्या. छिन्नी-हातोडा नको. रिंग टेकते ती बैठक अ‍ॅल्युमिनियमची आहे. तिच्यावर खोल ओरखडा गेला तर नवी रिंगही गळणार. नंतर कापडानं आणि बारीक स्कॉच ब्राइटनं बैठक पुसून घ्या.

नट निघत नसेल तर थांबा

आपल्या कोल्हापूरकडचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. गगनबावडा, राधानगरी भागातल्या गाड्यांचे स्टड हमखास गंजलेले निघतात. 2019 आणि 2021 च्या पुरात पाण्याखाली राहिलेल्या गाड्यांबद्दल तर बोलायलाच नको. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी गार इंजिनवर नट थोडा सैल, पुन्हा थोडा घट्ट, असा मागंपुढं करत काढा. पाना स्प्रिंगसारखा वाकतोय असं हाताला जाणवलं की स्टड तुटायच्या बेतात आहे, तिथंच थांबा. हेडमध्ये तुटलेला स्टड काढायला ड्रिल, टॅप, कधी हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) लागते, कधी हेडच उतरवावं लागतं. उद्यमनगरात हे काम करणारे कसलेले हात आहेत, पण खर्च रिंगेच्या कितीतरी पट होतो.

बसवण्याचा क्रम

गाडी मेन स्टँडवर घ्या. नव्या रिंगेला ग्रीसचे दोन-तीन ठिपके लावून ती हेडच्या तोंडात चिकटवा, म्हणजे पाईप लावताना खाली पडत नाही. स्टडच्या आट्यांना कॉपर ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. पाईप लावताना मागचा डबा दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा. त्याचं वजन स्टडवर लोंबकळू देऊ नका.

आता सगळे नट-बोल्ट फक्त बोटांनी लावायचे. पुढचे दोन नट, मधला क्लॅम्प, मागचा ब्रॅकेट, सगळं सैल. मग पुढून सुरुवात. एक नट अर्धा फेरा, दुसरा अर्धा फेरा, असं आळीपाळीनं. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडं गेलात की रिंग एका बाजूला जास्त चेपते आणि दुसऱ्या बाजूनं गळते. फ्लँज आणि हेड यांमधली फट दोन्हीकडं सारखी आहे ना, ते डोळ्यांनी बघत राहा. 6 मिमी स्टडला साधारण 10 ते 12 न्यूटन मीटर, 8 मिमीला 20 च्या आसपास. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला धरा. ग्रीस लावलेल्या आट्यांना तेवढ्याच जोरात जास्त ताण बसतो, म्हणून लांब पाना घेऊन पिळू नका.

त्यानंतर क्लॅम्प, आणि शेवटी मागचा ब्रॅकेट. मागचं भोक जुळत नसेल तर बोल्टनं ओढून जुळवू नका. पुढचं पुन्हा सैल करून पाईप फिरवा. ओढून बसवलेला सायलेन्सर काही हजार किलोमीटरनंतर वेल्डिंगजवळ तडकतो, आणि तसा तडकलेला डबा आम्ही वॉरंटीत घेऊ शकत नाही.

पहिल्यांदा चालू करताना

आधी पाईपवरचे बोटांचे ठसे थिनरनं पुसा. क्रोम आणि स्टीलवर ते गरम झाल्यावर कायमचे उमटतात. थोडा धूर येईल, तो ग्रीसचा आहे, घाबरू नका. गाडी पाच-दहा मिनिटं आयडलवर चालवा, पूर्ण गार होऊ द्या आणि नट पुन्हा तपासा. रिंग तापून बसली की नट थोडा सैल पडतो. हे झाल्याशिवाय पन्हाळ्याचा घाट चढायला निघू नका. गरम इंजिनवर नट कधीच आवळू नका, हेडमधले आटे जातात.

गळतीची खूण म्हणजे गार इंजिनवर येणारा टिकटिक आवाज, जो गाडी तापल्यावर कमी होतो. बरेच जण तो टॅपेटचा (व्हॉल्व्हजवळच्या फटीचा) समजून टॅपेट सेट करत बसतात. ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटाके वाजणं हीसुद्धा खूण असू शकते, कारण फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. बीएस-6 गाडीत सेन्सर त्या हवेला फसतो, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जादा पेट्रोल सोडतो आणि ॲव्हरेज पडतं. खात्री करायची असेल तर गार सांध्यावर साबणाचं पाणी लावून गाडी चालू करा, बुडबुडे जागा दाखवतील.

आम्ही काय बसवत नाही

धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणारे आणि कर्कश आवाजाचे पाईप आमच्याकडं मिळणार नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) प्रमाणं आवाज आणि धुराची मर्यादा मोडल्यास पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि लायसन्स तीन महिने जातं. सीपीआर रुग्णालयासमोरून रात्री जाणाऱ्या गाडीचा आवाज आतल्या पेशंटला ऐकू जातो, हेही आमच्या मनात असतं.

आमच्याकडं बसवून घेणार असाल तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून सोडा, म्हणजे सकाळी गार इंजिनवर काम सुरू करता येतं. रिंग कामाच्या बिलातच धरलेली आहे. जुनी रिंग तुमच्यासमोर काढून तुमच्या हातात देतो. आठवड्याभरानं एकदा येऊन जा, नट पुन्हा तपासून देतो, त्याचे पैसे नाहीत.