व्हिएन्नातली ब्रुकनरची संध्याकाळ : मैफलीला निघण्यापूर्वी

नमस्कार,

तुमच्या सहलीत व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन सभागृहातली एक मैफल आहे. आंटोन ब्रुकनर या एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रियन संगीतकाराची आठवी सिम्फनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली अनेक भागांची रचना. 'आम्हाला त्यातलं काही कळत नाही, आम्ही हॉटेलवरच पडतो,' असं दर गटात कुणीतरी म्हणतंच. कृपया पडू नका, चला. तासभर विलंबित ख्याल ऐकायची ज्यांना सवय आहे, त्यांना हे संगीत लवकर जवळचं वाटतं. इथेही सूर सावकाश उलगडतात. मात्र आयत्या वेळचं काही नसतं, प्रत्येक स्वर लिहिलेला असतो.

ब्रुकनर हे खेड्यातल्या शाळामास्तरांचे चिरंजीव, चर्चमध्ये ऑर्गन वाजवत वाढलेले. ही सिम्फनी त्यांनी १८८७ साली मोठ्या विश्वासाने हेरमान लेव्ही या कंडक्टरकडे, म्हणजे हातांच्या इशाऱ्यांनी वाद्यवृंद चालवणाऱ्याकडे पाठवली. लेव्हींना ती उमगलीच नाही. ब्रुकनर पार खचले, पण पुन्हा लिहायला बसले आणि १८९० मध्ये त्यांनी ती नव्याने पूर्ण केली. १८ डिसेंबर १८९२ रोजी व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने ती पहिल्यांदा वाजवली, तीही याच सभागृहात. तेव्हा ब्रुकनर ६८ वर्षांचे होते. तुम्ही बसाल ती जागा म्हणूनच आम्हाला मोलाची वाटते.

चार भाग, साधारण ८० मिनिटं, मध्यंतर नाही. पहिल्या भागाचा शेवट अगदी हळू होतो. माणूस शेवटच्या घटका मोजतोय आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतंच आहे, असं ब्रुकनर स्वतः या जागेबद्दल सांगत. मागे एकदा नेमक्या याच क्षणी आमच्या रांगेत खोकल्याच्या गोळीचा कागद चुरचुरला आणि पुढच्या चार रांगांनी वळून पाहिलं. गोळी आधीच सोलून रुमालात ठेवा. दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवत नाहीत. फोन पूर्ण बंद. कोट आणि मोठ्या पिशव्या बाहेर जमा कराव्या लागतात, म्हणून अर्धा तास आधी पोचू.

दुसरा भाग दणकट, ठेक्याचा. तो आपोआप आवडतो.

तिसऱ्या भागासाठी मात्र जीव कानात आणून बसा. हा सुमारे २५ मिनिटांचा संथ भाग आहे. हॉर्न या गोल वळवलेल्या पितळी फुंकवाद्याच्या आठ वादकांपैकी चौघे इथे वॅग्नर ट्यूबा हे वाद्य उचलतात. त्याचा नाद जड आणि गडद, देवळाच्या गाभाऱ्यात घुमल्यासारखा. आणि मागे झांजा घेऊन बसलेला वादक आधीच हेरून ठेवा. सिम्फनी सुरू झाल्यापासून जवळजवळ पाऊण तास तो नुसता बसून असतो. व्हायोलिनं चढत जातात, आता शिखर आलं असं वाटतं, पुन्हा ओसरतात. मग तो उठतो, झांजा वर धरतो आणि दोनदा वाजवतो. अख्ख्या सिम्फनीत झांजांचे एवढेच दोन आघात. तो खाली बसला की सभागृहभर तो नाद विरताना ऐकू येतो.

चौथ्या भागाच्या अखेरीस आधीच्या सगळ्या भागांतल्या मुख्य धुना एकमेकींत मिसळतात. शेवटचे तीन स्वर सगळा वाद्यवृंद एकदम वाजवतो. आपल्या सरगमीत म्हणायचं तर ग, रे, सा. कंडक्टरचे हात खाली येईपर्यंत थांबा, मग हवं तेवढा वेळ टाळ्या वाजवा. बस थांबलेली असेल, उठायची घाई करू नका.