बहात्तर होम रन आणि रॉसवेलची हवा

५ सप्टेंबर १९५४ रोजी अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील आर्टेशिया या गावी हंगामाचे अखेरचे दोन सामने एकाच दिवशी खेळले गेले. त्या दिवशी रॉसवेल रॉकेट्स संघाचे डावखुरे फलंदाज जो बाउमन यांनी तीन वेळा चेंडू कुंपणापलीकडे धाडला आणि त्यांच्या त्या हंगामातील अशा फटक्यांची, म्हणजे होम रनची, संख्या ७२ झाली. अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये, वरच्या किंवा खालच्या कोणत्याही लीगमध्ये, तोपर्यंत कोणालाही एका हंगामात ६९ च्या पुढे जाता आले नव्हते. बाउमन यांचा विक्रम ४७ वर्षे टिकला आणि २००१ साली बॅरी बाँड्स यांनी ७३ होम रन मारून तो मोडला. मात्र बाउमन मेजर लीगमध्ये, म्हणजे या खेळाच्या सर्वोच्च स्तरावर, एकही सामना खेळले नाहीत.

ते खेळत होते ती लॉंगहॉर्न लीग ‘सी’ वर्गाची, मेजर लीगच्या खालच्या, म्हणजे मायनर लीगच्या, उतरंडीत शेवटून दुसऱ्या पायरीवरची होती. त्यामुळे या ७२ होम रनबद्दल शंका घेणारे लोक नेहमी दोन कारणे पुढे करतात: तिथली हवा विरळ होती आणि तिथले पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, कच्चे होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, परंतु त्यांचा परिणाम नेमका किती, हे भौतिकशास्त्राच्या आधारे तपासता येते आणि तसे तपासल्यावर चित्र बरेच बदलते.

प्रथम हवेचा विचार करू. बेसबॉलचा चेंडू सुमारे १४५ ग्रॅम वजनाचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका असतो. ताशी १६० किलोमीटर वेगाने तो बॅटवरून सुटतो तेव्हा त्याच्यावरील हवेचा अवरोध त्याच्या वजनापेक्षाही जास्त असतो. हवाच नसती तर या वेगाने, ३० अंशांच्या कोनात मारलेला चेंडू सुमारे १७५ मीटर दूर पडला असता. प्रत्यक्षात तो १२० मीटरच्या आसपास पडतो. रॉसवेल समुद्रसपाटीपासून सुमारे १,०९० मीटर उंचीवर आहे आणि तेथील हवा, तापमान सारखे धरले तर, किनारपट्टीवरील हवेपेक्षा सुमारे १२ टक्के विरळ असते. अवरोध त्याच प्रमाणात घटत असला तरी अंतर त्या प्रमाणात वाढत नाही, कारण उलट्या फिरकीमुळे चेंडूला हवेतून मिळणारा वरचा आधारही विरळ हवेत कमी होतो. हिशेब केला तर १२० मीटरच्या फटक्याला जेमतेम चार-पाच मीटर जास्त मिळतात.

याखेरीज रॉसवेलची हवा कोरडी आहे. कोरड्या हवेत ठेवलेला चेंडू किंचित हलका आणि जास्त उसळता होतो. डेन्व्हरच्या मेजर लीग मैदानावर २००२ पासून चेंडू नियंत्रित आर्द्रतेच्या कपाटात ठेवले जातात ते याचसाठी. शिवाय विरळ हवेत पिचरचा चेंडू कमी वळतो, हाही फलंदाजाचा फायदाच. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते: ही हवा केवळ बाउमन यांच्यासाठी नव्हती. रॉसवेलच्या मैदानावर उतरणाऱ्या प्रत्येक फलंदाजाला तीच हवा मिळत होती.

आता पिचरकडे वळू. चेंडू हळू येत असेल तर तो दूर मारणे सोपे, असे आपल्याला सहज वाटते, आणि इथेच खरी गंमत आहे. बॅट आणि चेंडू यांचा संपर्क सुमारे एक सहस्रांश सेकंद टिकतो. या टकरीचा अभ्यास असे सांगतो की, बॅटच्या भरीव भागावर चेंडू बसला तर त्याच्या सुटण्याच्या वेगात बॅटच्या वेगाचा वाटा साधारण १.२ पट आणि येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा वाटा केवळ ०.२ पट असतो. पिचरने ताशी १५० ऐवजी १३० किलोमीटर वेगाने चेंडू टाकला तर फटक्याचा वेग ताशी चारच किलोमीटरने कमी होतो. ताकद ही फलंदाजाच्या बॅटमधून येते, आणि सुमारे १९६ सेंटिमीटर उंच व १०७ किलो वजनाच्या बाउमन यांच्याकडे ती भरपूर होती. कुंपणापलीकडे गेलेल्या त्यांच्या फटक्यांचे अंतर ‘सी’ वर्गाच्या पिचरनी त्यांना बहाल केले, असे मुळीच म्हणता येणार नाही.

त्या पिचरनी दिला तो वेळ. ताशी १५० किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटल्यापासून सुमारे ०.४ सेकंदात फलंदाजापाशी पोहोचतो, तर १३० च्या वेगाच्या चेंडूला साधारण ०.०६ सेकंद जास्त लागतात. बॅट फिरवायलाच सुमारे ०.१५ सेकंद जात असल्याने, चेंडू ओळखून निर्णय घेण्यासाठी उरलेल्या अत्यल्प अवधीत ही भर फार मोठी ठरते. मायनर लीगमधून वर जाणारे दणकेबाज फलंदाज अडखळतात ते बहुधा याच ठिकाणी. माइक हेसमन यांनी अमेरिकेच्या मायनर लीगमध्ये ४३३ होम रन मारून तेथील कारकिर्दीचा विक्रम केला, पण मेजर लीगमधील १०९ सामन्यांत त्यांची सरासरी, म्हणजे फलंदाजीच्या संधींपैकी यशस्वी फटक्यांचे प्रमाण, अवघी .१८८ राहिली, तरीही तेवढ्यात त्यांनी १४ होम रन मारलेच.

बाउमन केवळ आंधळेपणाने बॅट फिरवणारे होते, असेही आकडे म्हणत नाहीत. १९५४ मध्ये १३८ सामन्यांत त्यांची सरासरी .४०० होती, त्यांच्या फटक्यांवर २२४ धावा आल्या आणि १५० वेळा ते चार वाईट चेंडू सोडून पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरील पहिल्या टप्प्यावर, गेले. पिचर त्यांना घाबरून बाहेर टाकत होते हे खरे, पण बाहेरचा चेंडू सोडायलाही नजर लागते.

मग त्यांना वरची संधी का मिळाली नाही? त्या काळी मेजर लीगमध्ये फक्त १६ संघ होते, म्हणजे बाउमन क्षेत्ररक्षण करत त्या पहिल्या बेसच्या जागाही नियमित खेळाडूंसाठी १६ च. दुसऱ्या महायुद्धात नौदलात काढलेली वर्षे वाया गेली होती. १९४६ मध्ये टेक्सासमधील अमारिलोच्या संघाकडून ४८ होम रन मारल्यावर ते मेजर लीगमधील बोस्टन ब्रेव्ह्जशी जोडलेल्या मायनर लीग संघांच्या साखळीत गेले, पण वेतनाच्या वादातून ती साखळी सोडून ते ओक्लाहोमातील एल्क सिटी येथे निमव्यावसायिक संघात खेळू लागले. पुढे न्यू मेक्सिकोत आल्यावर त्यांनी खेळाच्या जोडीला रॉसवेलमध्ये पेट्रोल पंप चालवला. होम रन मारून ते परतताना प्रेक्षक जाळीतून डॉलरच्या नोटा पुढे करत, आणि ती रक्कम त्यांच्या खेळाच्या पगाराच्या मानाने लहान नव्हती. वयाच्या ३२ व्या वर्षी, स्थिर उत्पन्न असताना, पुन्हा तळापासून वर चढण्याचा खटाटोप न करणे मला तरी पूर्ण समंजसपणाचे वाटते.

त्यांच्या आधीचे ६९ चे दोन मानकरीही याच संदर्भात पाहण्यासारखे आहेत. बॉब क्रूस यांनी १९४८ मध्ये तो आकडा गाठला तो अमारिलोत, म्हणजे रॉसवेलइतक्याच उंचीच्या पठारावर. जो हाउझर यांनी १९३३ मध्ये तो गाठला मिनिॲपोलिसमध्ये, जिथे हवा दाट असली तरी उजवीकडचे कुंपण अवघ्या ८५ मीटरवर होते. मोठ्या आकड्यांमागे जागेचा हात असतो, परंतु त्या त्या जागी इतर शेकडो जण खेळून गेले आणि हे आकडे या तिघांच्याच नावावर लागले.

आज अनेक मायनर लीग मैदानांवर प्रत्येक फटक्याचा वेग आणि कोन यंत्राने मोजला जातो, त्यामुळे विरळ हवेचा किंवा जवळच्या कुंपणाचा वाटा वजा करून फलंदाजाची खरी ताकद संघांना थेट कळते. बाउमन यांच्या फटक्यांची अशी एकही नोंद नाही. २००२ पासून मायनर लीगमध्ये दरवर्षी सर्वाधिक होम रन मारणाऱ्याला त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो.