शाळकरी पोरांच्या जेवणासाठी निघालेला क्लब

ग्लासगोच्या सेल्टिक फुटबॉल क्लबची धर्मादाय संस्था दरवर्षी नाताळच्या आधी गरजू कुटुंबं, एकटे वृद्ध आणि बेघर यांच्यासाठी निधी गोळा करते. असलं काही ना काही सगळेच मोठे क्लब करतात. पण सेल्टिकमध्ये मदतकार्य आधी होतं आणि संघ नंतर आला.

१८४० च्या दशकातल्या दुष्काळानंतर आयर्लंडहून आलेली कुटुंबं ग्लासगोच्या पूर्व भागात दाटीवाटीने राहत. १८७२ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये ५ ते १३ वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली. घरात येणारी पोरांची मजुरी बुडाली आणि दुपारच्या जेवणाचं काय, याचं उत्तर कायद्यात नव्हतं. प्रॉटेस्टंट संस्थांच्या अन्नछत्रांत जेवलेली मुलं धर्म सोडतील, अशी धास्तीही कॅथलिक मंडळींना होती. निव्वळ कणवेपोटी मदतकार्य सुरू झालं म्हणणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं.

सेक्रेड हार्ट शाळेचे मुख्याध्यापक, कॅथलिक धर्मबंधू ब्रदर वॉलफ्रिड यांनी सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी या कॅथलिक मदतसंस्थेच्या साहाय्याने शाळेत जेवण सुरू केलं. एका पेनीत पोटभर गरम जेवण. पाव घरून आणला, तर अर्ध्या पेनीत वाडगाभर सूप. ज्याला तेही परवडत नसे, त्याला फुकट. पेनी ठेवण्यामागे शहाणपण होतं: आईबापांना भीक घेतल्यासारखं वाटत नसे. पण फुकट जेवणारे वाढले की खर्चाचा मेळ बसत नसे, आणि वर्गणीदार तेच ते. रोजच्या खर्चाला नियमित उत्पन्न हवं होतं.

ते फुटबॉलमध्ये दिसलं. एडिनबरोतल्या आयरिश लोकांच्या हिबर्नियन संघाने १८८७ मध्ये स्कॉटिश कप जिंकला होता. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात सेल्टिकची स्थापना झाली. जानेवारी १८८८ च्या पत्रकात हेतू स्पष्ट होता: सेंट मेरीज, सेक्रेड हार्ट आणि सेंट मायकेल्स या तीन ठिकाणच्या गरजू मुलांच्या जेवणाचा खर्च भागवणे. स्वयंसेवकांनी अंगमेहनतीने मैदान तयार केलं आणि २८ मे १८८८ रोजी पहिल्या सामन्यात ग्लासगोच्याच रेंजर्स संघाला ५-२ ने हरवलं.

गडबड यशानेच केली. मैदानाचं भाडं वर्षाला ५० पाउंड होतं. गर्दी पाहून जमीनमालकाने ४५० मागितले. तेव्हा पाउंडात २४० पेन्या होत्या, म्हणजे नुसत्या वाढीव भाड्यात पोरांच्या ९६,००० जेवणांच्या पेन्या आल्या असत्या. १८९२ मध्ये क्लब शेजारच्या जागेत गेला. विटांसाठी माती काढून खड्डे पडलेली ती जमीन भरून घ्यायचा खर्च अंगावर आला. त्याच वर्षी वॉलफ्रिडना त्यांच्या धर्मसंघाने लंडनला पाठवलं, त्यामुळे समितीत जेवणाची बाजू लावून धरणारा मुख्य माणूस गेला. १८९३ मध्ये स्कॉटलंडमध्ये खेळाडूंना उघडपणे पगार देण्याची मुभा मिळाली आणि १८९७ मध्ये क्लब मर्यादित कंपनी झाला. आता हिशेबात आधी पगार आणि कर्ज, मग भागधारकांचा लाभांश. पत्रकातला हेतू कंपनीला बांधून ठेवणारा नव्हता. जेवणाचं टेबल मागे पडणारच होतं. त्या समितीला लबाड म्हणावंसं वाटत नाही, पण हेतू लेखी अटीत अडकवायला हवा होता, एवढं खरं.

उद्योजक फर्गस मॅक्कॅन यांनी १९९४ मध्ये डबघाईला आलेला क्लब ताब्यात घेतला आणि पुढच्याच वर्षी सेल्टिक चॅरिटी फंड सुरू झाला. २०१३ पासून ते काम सेल्टिक एफसी फाउंडेशन पाहते. ही वेगळी नोंदणी असलेली धर्मादाय संस्था आहे आणि तिला स्वतःचं विश्वस्त मंडळ आहे. त्यामुळे तिच्याकडे जमलेला पैसा नव्या स्ट्रायकरच्या पगाराकडे वळवता येत नाही.