क्वात्रोपोर्ते: भीती बेल्टची, खर्च क्लचचा

मासेराती क्वात्रोपोर्ते ही इटालियन सेडान जुनी घ्यायची म्हटलं की कोणीतरी सांगतंच: ‘इंजिन फेरारीचं, टायमिंग बेल्टपायी दिवाळं निघेल.’ टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनच्या झडपांची वेळ सांभाळणारा पट्टा, तो ठरावीक काळाने बदलावा लागतो. इंजिन फेरारीच्या मारानेल्लोच्या कारखान्यातलं, हे खरं. पण 2003 साली आलेल्या पिढीतल्या या 4.2 लिटर, सुमारे 400 अश्वशक्तीच्या व्ही8ला बेल्ट नाहीच, चेन आहे. ही धास्ती जुन्या फेरारींवरून आलेली.

खिसा कापतो तो सुरुवातीचा ड्युओसिलेक्ट गिअरबॉक्स. क्लच पेडल नाही म्हणून लोक त्याला ऑटोमॅटिक समजतात. आत मात्र नेहमीसारखाच क्लच असतो, आणि ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकताना तो जळतो. किती झिजलाय ते मासेरातीला चालणारा स्कॅनर लावून कळतं. विकणारा त्याला नको म्हणाला, तर चहा पिऊन उठावं. 2007मध्ये झेडएफ या जर्मन कंपनीचा खरा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला. मी तोच बघेन.