मेकच्या डावीकडे लिहायचं की उजवीकडे? एकच नाहीये ते!

मेक म्हणजे मेकफाइल नावाच्या फाइलमधल्या सूचनांप्रमाणे प्रोग्राम बांधणारं आणि इन्स्टॉल करणारं टूल, आणि प्रीफिक्स म्हणजे कुठल्या फोल्डरखाली इन्स्टॉल करायचं ते. परत एकदा कोणीतरी कोणाला तरी सांगताना बघितलं की "प्रीफिक्स मेकच्या आधी लिही नाहीतर नंतर लिही, काही फरक पडत नाही". पडतो हो. हे सांगणाऱ्याच्या वाट्याला आजवर नीट लिहिलेल्या मेकफाइल्स आल्यात एवढंच.

या दोन ओळी घ्या (टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाका):

प्रीफिक्स=/ऑप्ट/टूल मेक इन्स्टॉल
मेक प्रीफिक्स=/ऑप्ट/टूल इन्स्टॉल

पहिली तुम्हाला पाठ आहे. शेल (टर्मिनलवरच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) त्या एका कमांडपुरता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (चालवलेल्या प्रोग्रामला सोबत मिळणारी नाव-व्हॅल्यूची जोडी) बनवतं आणि मेकला तो वारशात मिळतो, एक्सपोर्ट केलं तर सेशनभर मिळत राहतो. दुसऱ्या ओळीत शेल काहीच करत नाही, ते मेकला दिलेलं साधं आर्ग्युमेंट आहे, त्याचं काय करायचं ते मेक बघतं.

आता मुद्दा. ग्नू मेक (लिनक्सवर सहसा असतं ते मेक) सुरू होताना एन्व्हायर्नमेंटमधलं सगळं आपल्या व्हेरिएबल्समध्ये ओढून घेतं (शेल नावाचा व्हेरिएबल सोडून, तो मुद्दाम घेत नाही), पण मेकफाइलमध्ये साध्या = ने प्रीफिक्स = /यूएसआर/लोकल अशी ओळ असली की वारशातली व्हॅल्यू गेली. वॉर्निंग नाही, एरर नाही, गुपचूप. उजवीकडे लिहिलं असेल तर बरोबर उलटं, मेकफाइलमधली ओळ हरते आणि तुमचं चालतं, मेकफाइल लिहिणाऱ्याने त्या ओळीत ओव्हरराइड हा शब्द वापरला नसेल तोवर. आणि मेकफाइलवाल्याने ?= (आधीच व्हॅल्यू नसेल तरच ही दे) लिहिलं असेल तर वारसाही चालतो, म्हणूनच "माझ्याकडे तर डावीकडून चालतं" म्हणणारे भेटतात.

हे असं विचित्र का, तर मला वाटतं मेक वयाने मोठं आहे म्हणून. स्टुअर्ट फेल्डमननी ते बेल लॅब्समध्ये १९७६ साली लिहिलं, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ साली आले. मेकच्या घरात ते पाहुणे, मेकफाइल घरची.

मग सगळं उजवीकडेच लिहू? थांबा, इथेच बरेच शहाणे आपटतात. समजा मेकफाइलमध्ये सीफ्लॅग्ज (सी कंपायलरला द्यायचे पर्याय, म्हणजे फ्लॅग्ज) या व्हेरिएबलला += ने इन्क्लूड फोल्डरचा पाथ जोडलाय. तुम्ही डावीकडून सीफ्लॅग्जमध्ये -ओ२ (ऑप्टिमायझेशनचा फ्लॅग) दिलंत तर तो पाथ तुमच्या -ओ२ ला जोडला जातो, मस्त. तेच उजवीकडून दिलंत तर मेकफाइलमधलं += सुद्धा दुर्लक्षित होतं, पाथ गायब, आणि कंपायलर ओरडतो की हेडर फाइल सापडत नाही. मग लोक हेडर शोधत पॅकेजेस इन्स्टॉल करत बसतात! चूक खरं तर मेकफाइल लिहिणाऱ्याची, सीफ्लॅग्ज हा युजरसाठी राखलेला व्हेरिएबल आहे, बिल्डला लागणारच असे फ्लॅग्ज वेगळ्या नावात ठेवायचे असतात, ऑटोमेक (मेकफाइल तयार करून देणारं टूल) तेच करतं. पण हाताने लिहिलेल्या मेकफाइलमध्ये कोण पाळतंय.

त्यामुळे माझं ठरलेलं आहे: पाथ असेल तर उजवीकडे, नेहमी. फ्लॅग्ज असतील तर आधी मेकफाइल उघडून = आहे की += ते बघायचं, मग ठरवायचं. आणि मेकला -ई देऊन एन्व्हायर्नमेंटला मेकफाइलच्या डोक्यावर बसवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तुमच्या शेलमध्ये कधीकाळी एक्सपोर्ट केलेला भलताच व्हेरिएबल आत घुसतो आणि मग शोधत बसा.

सुडो (कमांड अॅडमिनच्या अधिकाराने चालवणारं) आलं की हाच फरक महागात पडतो. डेस्टडिर म्हणजे फाइल्स खऱ्या जागेऐवजी आधी ज्या तात्पुरत्या फोल्डरखाली ठेवायच्या तो. डेस्टडिर=/टीएमपी/स्टेज सुडो मेक इन्स्टॉल असं मी एकदा माझ्याच लॅपटॉपवर केलं होतं. सुडो डीफॉल्ट सेटिंगमध्ये एन्व्हायर्नमेंट जवळपास सगळं पुसून टाकतं, डेस्टडिर मेकपर्यंत पोचलंच नाही, आणि स्टेजिंग फोल्डरमध्ये जायच्या फाइल्स थेट खऱ्या /यूएसआर/लोकलमध्ये जाऊन पसरल्या. एकेक करून पुसायला अख्खी संध्याकाळ गेली. सुडो मेक डेस्टडिर=/टीएमपी/स्टेज इन्स्टॉल लिहिलं असतं तर आर्ग्युमेंट म्हणून नीट पोचलं असतं. डेबियनची पॅकेजिंग टूल्सही मेकला डेस्टडिर आर्ग्युमेंट म्हणूनच देतात, उगाच नाही.

बाकी किरकोळ. मोठ्या अक्षरांतला प्रीफिक्स आणि छोट्या अक्षरांतला प्रीफिक्स हे दोन वेगळे व्हेरिएबल आहेत, ग्नूच्या नियमात छोटा, हाताने लिहिलेल्या फाइल्समध्ये बहुतेकदा मोठा. प्रीफिक्स रिकामा एक्सपोर्ट झाला असेल तर ?= त्याला "आहे" असंच धरतं, मग बायनरी थेट /बिनमध्ये. आणि सीसी (कुठला सी कंपायलर वापरायचा ते) ?= जीसीसी लिहिणाऱ्यांनो, त्या ओळीने काहीही होत नाही, सीसीला मेक स्वतःच आधी एक व्हॅल्यू देऊन बसलेलं असतं.

शंका आली तर अंदाज बांधू नका, मेकमध्ये ओरिजिन नावाचं फंक्शन आहे, व्हेरिएबल एन्व्हायर्नमेंटमधून आला, फाइलमधून, कमांड लाइनवरून की डीफॉल्ट आहे ते ते सरळ सांगतं. मेकफाइलमध्ये एक इन्फोची ओळ टाकून छापून बघा, आणि इन्स्टॉलच्या आधी एकदा मेक -एन, म्हणजे फाइल्स कुठे जाणार ते काहीही कॉपी न होता दिसतं.